‘डिझी’ म्हणजे भोवळ की गरगर?

खोली फिरायला लागली की मराठी माणसाला गरगरतं. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडतो की काय असं झालं, तर ती भोवळ किंवा घेरी. इंग्रजीत दोन्हींना ‘डिझी’ चालतं. जुन्या इंग्रजीतल्या मूळ शब्दाचा अर्थ होता मूर्ख. आजही एखाद्याला ‘डिझी’ म्हटलं तर तो वेंधळा ठरू शकतो. चक्कर येण्यासाठीच्या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचं, ‘गिडी’चं, मूळ त्याहून मजेशीर: झपाटलेला, अंगात आलेला! अमेरिकेत ‘आय फील गिडी’ म्हटलंत तर समोरच्याला तुम्ही आनंदाने हुरळलात असंच वाटण्याची शक्यता जास्त. भोवळीसाठी नेमका शब्द ‘लाइटहेडेड’, गरगरण्यासाठी ‘व्हर्टिगो’.

भोवळीचा संबंध बहुधा रक्ताभिसरणाशी असतो. उभं राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या धमन्यांना दाब घसरल्याचं कळतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. शरीरात पाणी कमी असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर ही सावरासावर तोकडी पडते. तपासणी सोपी आहे. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजायचा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर कारण सापडलं.

गरगरण्याचं मूळ अनेकदा आतल्या कानात असतं. तिथले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. अंथरुणात कूस बदलली की ते घरंगळतात, नलिकेतला द्रव ढवळतो आणि स्थिर डोकंही फिरतंय असा निरोप मेंदूला जातो. हा झटका सहसा मिनिटभरात ओसरतो.

1972 मध्ये ड्रॅकमन आणि हार्ट या डॉक्टरांनी रुग्णाच्या वर्णनावरून चकरेचे चार प्रकार पाडले. पुढे अडचण ध्यानात आली: तोच रुग्ण थोड्या वेळाने वेगळंच वर्णन करतो. म्हणून ‘कसं वाटतं?’ यापेक्षा ‘किती वेळ टिकतं, काय केल्यावर येतं?’ हे प्रश्न जास्त कामाचे. उभं राहिल्यावर की कूस बदलल्यावर, एवढं सांगितलं तरी अर्धं काम होतं. मात्र चकरेसोबत बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसू लागली, एक बाजू लुळी पडली किंवा चालताच येईना, तर शब्द शोधत बसू नये. तडक रुग्णालय गाठावं.