हौद्यातला दिवा आणि फ्यूजचे खरे काम

उन्हाळ्यात एखादे वाहन पेटल्याची बातमी आली की ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे’ हे वाक्य तिच्या शेवटी ठरलेले असते. ते वाचून आपण पान उलटतो, कारण शॉर्ट सर्किट म्हणजे काहीतरी दैवी कोप असून तो कधी आणि कोठे होईल याचा नेम नाही, अशी समजूत मनात घट्ट बसलेली आहे. गंमत अशी की गाडीत वायरिंगचे किरकोळ काम करताना हीच माणसे ‘बारा व्होल्टला काय होतंय, हात लावला तरी झटका बसत नाही’ असे बिनदिक्कत म्हणतात. झटका बसत नाही हे खरे आहे; पण झटका न बसणे आणि आग न लागणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. तो का नाही, हे समजून घ्यायला पिकअपच्या हौद्यात एक दिवा बसवण्याचे साधे काम पुरेसे आहे.

नारायणगावहून संध्याकाळी टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप वाशीच्या बाजारात पोहोचते तेव्हा बहुधा रात्रच असते. फाळका पाडला की आत ताडपत्रीखाली मिट्ट काळोख असतो आणि क्रेट मोजणारा माणूस मोबाइलचा उजेड एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मोजत असतो. त्यामुळे हौद्यात दिवा लावून घेण्याची इच्छा अगदी रास्त आहे. हे काम कोठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तासाभरात होते आणि दिवा तर लगेच लागतो. काम बरोबर झाले आहे की नाही, हे मात्र दिवा लागण्यावरून मुळीच कळत नाही.

प्रथम आकडे पाहू. गाडीच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात, प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. कोरड्या कातडीचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, काही हजार ओहमपासून लाखभर ओहमपर्यंत असतो. १२.६ व्होल्टला दहा हजार ओहमने भागले तर जेमतेम सव्वा मिलिअँपिअर प्रवाह येतो, तो शरीराला फारसा जाणवतही नाही. व्होल्ट भागिले रोध म्हणजे प्रवाह, हाच ओहमचा नियम तांब्याच्या तारेला लावला की चित्र पालटते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम असतो. बॅटरीपासून हौद्याच्या मागच्या टोकापर्यंत पाच मीटर तार धरली तर तिचा रोध ०.०८५ ओहम झाला, त्यात बॅटरीचा स्वतःचा आणि चासीचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा, थोडा रोध मिळवला की बेरीज ०.१ ओहमच्या आसपास जाते. आता या तारेचे मागचे टोक चासीला टेकले, तर प्रवाह होईल १२.६ भागिले ०.१, म्हणजे सव्वाशे अँपिअर.

टोक चासीला टेकणे ही काही दूरची शक्यता नाही. गाडीची संपूर्ण चासी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असते, आपले मेकॅनिक ज्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात ते हेच. त्यामुळे धन तारेवरचे आवरण कोठेही सोलले गेले तर शॉर्ट व्हायला दुसरी तार लागत नाही, गाडीचे कोणतेही उघडे लोखंड चालते. त्यात पिकअपची केबिन आणि हौदा हे एका चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. खराब रस्त्यावर दोन्ही आपापल्या तालावर हलतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून नेलेली तार पत्र्याच्या धारेवर दर हादऱ्याला अर्धा-एक मिलिमीटर पुढेमागे घासत राहते. छिद्राच्या कडेला रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट, नसेल आणि तारेवर नालीदार नळी नसेल, तर आवरण झिजून आतले तांबे पत्र्याला भिडायला एक-दोन मोसम पुरतात.

सव्वाशे अँपिअरने नेमके काय होते, हा माझ्या आवडीचा भाग आहे आणि येथे वाचकाने थोडे गणित सहन करावे. जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये दाखवून दिले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, प्रवाह पंचवीसपट तर उष्णता सव्वासहाशे पट. आपल्या तारेतून नेहमी पाच अँपिअर जात असले तर मीटरमागे अर्ध्या वॉटहूनही कमी उष्णता निघते आणि तार काही अंशच गरम होते. हिशेबाला सोपे म्हणून सव्वाशेऐवजी शंभर अँपिअर धरले तरी हीच उष्णता मीटरमागे १७० वॉट होते. एक मीटर तारेतले तांबे भरते सुमारे ९ ग्रॅम, आणि ते एका अंशाने तापवायला साडेतीन ज्यूलसुद्धा लागत नाहीत. म्हणजे तारेचे तापमान दर सेकंदाला सुमारे ५० अंशांनी चढते. तीन सेकंदांत पीव्हीसीचे आवरण मऊ पडून गळू लागते. शिवाय तांबे तापले की त्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, त्यामुळे तोच प्रवाह टिकला तर प्रत्येक सेकंद आधीच्या सेकंदापेक्षा अधिक उष्णता देतो. ही तार पाच मीटर लांब आहे आणि ती सगळी एकदमच तापत असते; तिच्याबरोबर एकाच जुडग्यात बांधलेल्या शेजारच्या तारांचे आवरणही वितळते आणि मग पुढचे शॉर्ट कोठे होतील त्याला ताळतंत्र उरत नाही. बातमीतला ‘दैवी कोप’ तो इतकाच.

यातून सुटका करतो तो फ्यूज, आणि त्याच्याविषयीच सर्वांत मोठा गैरसमज आहे. फ्यूज दिव्याला वाचवतो असे बहुतेकांना वाटते. दिव्यात बिघाड होऊन तो अधिक प्रवाह ओढू लागला तर दिवा आधीच गेलेला असतो. फ्यूज वाचवतो ती तार. गाडीच्या चपट्या फ्यूजमध्ये जस्ताची एक पट्टी असते आणि तिला मध्यभागी अरुंद मान असते. रोध सर्वाधिक तेथेच असल्याने उष्णता तेथे जमते, आणि जस्त ४२० अंशांना वितळत असल्याने ती मान १०८५ अंशांच्या तांब्याच्या कितीतरी आधी तुटते. प्रवाह मर्यादेच्या थोडाच वर असेल तेव्हा मानेतली उष्णता दोन्ही बाजूंच्या रुंद पात्यांकडे वाहून जाते आणि निर्मिती व निचरा यांचा तोल साधला जातो, म्हणून या जातीच्या फ्यूजने ११० टक्के प्रवाह शंभर तास सोसावा अशीच अपेक्षा असते. दुप्पट प्रवाहाला तो ०.१५ ते ५ सेकंदांत तुटायला हवा. प्रवाह वीस-पंचवीस पट झाला तर उष्णतेला वाहून जायला अवधीच मिळत नाही आणि काम काही मिलिसेकंदांत उरकते. तारेचाही असाच एक आलेख असतो: किती प्रवाहाला तिचे आवरण किती वेळ तग धरेल. फ्यूज निवडायचा म्हणजे फ्यूजचा आलेख प्रत्येक प्रवाहाला तारेच्या आलेखाच्या खालीच राहील असे पाहायचे. दिवा या हिशेबात फक्त किमान आकडा ठरवतो, कमाल आकडा तार ठरवते.

आता ‘फ्यूज सारखा उडतोय, मोठा टाक’ या सल्ल्याचा अर्थ पाहा. समजा अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक तार आहे आणि तिच्यावर ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज बसवला. कोठेतरी अर्धवट शॉर्ट होऊन ३० अँपिअर वाहू लागले, तर फ्यूजच्या दृष्टीने सारे काही ठीक आहे. तारेत मात्र मीटरमागे ३१ वॉट उष्णता निघते आहे, आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कथील वितळवणारी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. तांब्याचा तुकडा गुंडाळून फ्यूज ‘चालू’ करणे हा याहून भयंकर प्रकार आहे, कारण अर्ध्या मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळायला सुमारे २८ अँपिअर लागतात, आणि तीही लालबुंद होऊन.

तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे फ्यूजची जागा. फ्यूज आपल्यापासून दिव्याकडे जाणारी तार राखतो, बॅटरीकडून आपल्यापर्यंत येणारी नाही. दिव्याजवळ, हाताला सोयीचा म्हणून हौद्यात फ्यूज बसवला तर केबिनखालून आलेली पाच मीटर तार उघडीच राहिली. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा, म्हणजे बिनराखणीचा तुकडा तेवढाच उरतो. बंपरला लिंबू-मिरची न चुकता बदलणाऱ्या मालकांनी हा फ्यूज होल्डर एकदा उघडून पाहावा, अशी माझी नम्र सूचना आहे. लिंबातून वीज हवी असेल तर त्यात तांबे आणि जस्त असे दोन वेगळे धातू खुपसावे लागतात आणि मिळतो तो जेमतेम एक व्होल्ट. एकाच तारेत ओवलेले लिंबू शॉर्ट सर्किटच्या आड येत नाही.

फ्यूजला न दिसणारा एक दोष मात्र आहे. दोन तारा सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात ओला होतो, तांब्यावर ऑक्साइड चढते आणि जोडाचा रोध वाढत जाऊन ०.१ ओहमसारख्या आकड्याला पोहोचतो. जुन्या पद्धतीचे २१ वॉटचे चार बल्ब लावले असतील तर त्यातून सात अँपिअर जातात, म्हणजे त्या एका नखाएवढ्या जागी पाच वॉट उष्णता. प्रवाह वाढलेला नसल्याने फ्यूज निवांत असतो आणि टेप आतून काळवंडत जाते. प्रत्येकी १० वॉटचे दोन एलईडी दिवे लावले तर प्रवाह १.६ अँपिअरच राहतो आणि त्याच खराब जोडात पाव वॉट उष्णता निघते. एलईडीने वीज वाचते हे सगळे सांगतात, पण वाहनात तिचा खरा लाभ हा प्रवाहाच्या वर्गाचा आहे. अर्थात त्यामुळे जोड कसाही चालेल असे नव्हे. दाबून बसवलेला थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाचे धातूचे टोपण, आणि वर गरम करून आवळलेली स्लीव्ह यांचा खर्च काही रुपयांचा असतो. अर्थचे थिंबल जेथे कसायचे तेथला रंग खरवडून लखलखीत लोखंड उघडे करावे आणि कसल्यावर त्यावर ग्रीस लावावे.

एलईडी घेताना खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. ‘३०० वॉट’ लिहिलेल्या मुठीएवढ्या दिव्याला १२ व्होल्टवर २५ अँपिअर लागायला हवेत, आणि त्याला जोडलेली तार काडीएवढी असेल तर तो आकडा थापेचा आहे, हे दुकानातच कळते. चिकटपट्टीच्या स्वस्त माळेत तीन एलईडी आणि एक रोध अशी साखळी असते. तीन एलईडी मिळून नऊ-साडेनऊ व्होल्ट घेतात, उरलेले रोधाच्या वाट्याला येतात. गाडी सुरू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर १४ व्होल्टच्या वर जातो, रोधावरचे व्होल्ट एकदम वाढतात आणि प्रवाह दीडपटीच्याही पुढे जातो. अशा माळा गाडीत लवकर मरतात त्याचे कारण हे आहे. प्रवाह स्थिर ठेवणारे सर्किट आत असलेला, १० ते ३० व्होल्टला चालणारा दिवा थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

अशा दिव्यालाही रिले हवाच, हा काहींचा आग्रह मात्र मला पटत नाही. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालूबंद करणारा स्विच, आणि येथे मोठा प्रवाहच नाही. दीड-दोन अँपिअरला पाच अँपिअरचा फ्यूज, एक चौरस मिलिमीटर तार आणि केबिनमधला साधा स्विच पुरतो. दिवा चालू राहिल्याचे लक्षात यावे म्हणून स्विचवर लाल खूण पेटणारी असावी, कारण मागे पांढरा उजेड टाकत रस्त्यावर धावायला मोटार वाहन नियमांची परवानगी नाही. उलट्या दिशेने गाडी घेताना लागणारा दिवा आणि नंबर प्लेटचा उजेड असे मोजके अपवाद सोडले तर मागे दिसणारा प्रकाश लालच हवा.

सगळे जोडून झाल्यावर दिवा अर्धा तास चालू ठेवावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांवर, मग दिव्याच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजावेत. दोन एलईडी दिव्यांसाठी हा फरक पाव व्होल्टच्या आत यायला हवा. तो अधिक आला तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर ठेवून दुसरे टोक प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावत जावे, आणि धन बाजूला काही सापडले नाही तर ऋण खुंटीपासून अर्थच्या थिंबलपर्यंत तेच करावे. ज्या जोडापाशी आकडा एकदम उडी घेतो, तो जोड कापून पुन्हा करायचा.