आई-वडिलांची शुगरची औषधं : नुसतं विचारू नका, करून दाखवायला सांगा

नमस्कार,

आपल्या दुकानातून शुगरची औषधं न्यायला बहुतेक वेळा मुलगा, सून नाहीतर नातू येतो. "आजी वेळेवर घेतात ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "हो, त्यांचं त्या बघतात." त्यांना ते खरंच जमतंय का, हे कुणी बसून पाहिलेलं नसतं.

पूर्व भागातल्या एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. पिशवी काउंटरवर ओतली तर ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या एकाच औषधाच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्ट्रिपा निघाल्या. आजी रोज दोन्हीतली एकेक गोळी घेत होत्या. कंपनी बदलली, गोळीचा रंग बदलला आणि त्यांना वाटलं डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. त्यांना तेलुगू वाचता येतं, स्ट्रिपवर सगळं इंग्रजीत. साखर फार उतरून पहाटे घाम फुटायचा, हात थरथरायचे; घरचे म्हणायचे, वयच झालंय.

म्हणून एकदा निवांत बसा, औषधांची पिशवी पुढ्यात ठेवा आणि म्हणा, "उद्याची औषधं काढून दाखवा बरं." मध्ये बोलू नका. सकाळ-रात्र वेगळी करता येते का? स्ट्रिपमधून गोळी काढायला बोटांत जोर आहे का? खाली पडलेली गोळी दिसते का? मग उरलेल्या गोळ्या मोजा. तीस नेल्या, रोज एक, वीस दिवस झाले, तर दहाच उरायला हव्यात.

इन्सुलिन असेल तर तेही समोर भरून दाखवू द्या. बाटलीवरचा 40 किंवा 100 हा आकडा म्हणजे एका मिलिलिटरमधले इन्सुलिनचे युनिट. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची 40 चीच सिरिंज लागते. 100 चं इन्सुलिन त्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो. इथे आमचा जीव सगळ्यात जास्त घाबरतो.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा : "आज एकादशी आहे, जेवला नाहीत, तर गोळीचं काय कराल?" ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. म्हाताऱ्या माणसात कधीकधी नुसतं असंबद्ध बोलणं, चिडचिड एवढंच दिसतं. शुद्धीत असतील तर तीन छोटे (चहाचे) चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, 15 मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. उपवासाचं आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

काही चुकलं तर रागावू नका. रागावलं की म्हातारी माणसं चुका लपवायला लागतात. गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नका. काय चुकलं ते डॉक्टरांना सांगा, औषधांच्या वेळा कमी करता येतील का विचारा. सकाळ-रात्रीची चिठ्ठी आम्ही मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत मोठ्या अक्षरात लिहून देतो, पैसे घेत नाही.

दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा त्यांनाच घेऊन या. सगळी औषधं, शुगरचं मशीन आणि त्यांचा वाचायचा चष्मा बरोबर असू द्या.