जुनी बीटल नव्याने बांधताना : ‘मूळ’ या शब्दाची पार्श्वभूमी

पुण्यात एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी बांधायला घेणं म्हणजे बहुतेक वेळा फोक्सवॅगनची बीटलच. तिचा जर्मनीतला जन्म सगळ्यांना ठाऊक आहे. बांधणीच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा काळ १९६६ ते १९७१ हा. याच काळात सहा व्होल्ट जाऊन बारा व्होल्ट आले, १५०० सीसीचं आणि मग १६०० चं इंजिन आलं, आणि इंजिनातलं ऑईल थंड करणाऱ्या ऑईल कूलरची जागा बदलली. आधी तो पंख्याच्या आवरणातच उभा असायचा, त्यामुळे त्याच्याखालच्या तिसऱ्या सिलिंडरला तापलेली हवा मिळायची. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह जळणं हे जुन्या इंजिनाचं ठरलेलं दुखणं. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूच्या स्वतंत्र कप्प्यात गेला.

आपल्याकडे त्या वर्षांत मोटारींची आयात जवळजवळ बंदच होती. परदेशी वकिलातींतले लोक आणि तज्ज्ञ जाताना गाड्या सोडून गेले, काही सरकारी लिलावातून विकल्या गेल्या. सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून मिस्त्रींनी हाताशी होतं ते बसवलं. इंजिन चार बोल्टांवर खाली उतरतं, त्यामुळे एकाचं इंजिन दुसऱ्या गाडीत गेलं. अनेकांनी इंजिनाभोवतीचे पत्रे ‘हवा मोकळी लागावी’ म्हणून काढून टाकले, आणि तिथेच घात झाला. ते पत्रे आणि कडेचं रबर खालची तापलेली हवा वर येऊ देत नाहीत. ते नसले की पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढतो, आणि एप्रिलमध्ये कात्रज चढताना अडीच लिटर ऑईल किती सांभाळणार?

पण आज बांधणीचा आराखडा अडतो तो ‘मूळ’ या शब्दावर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ आधी परवानगी घेऊन बदल करू देत होतं. २००० च्या दुरुस्तीनंतर आरसीवरचा तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा असता कामा नये, असं ठरलं. जानेवारी २०१९ मध्ये देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. तरीही त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगीने बसवण्याची वाट उरली. मग जुलै २०२१ मध्ये व्हिंटेजची नवी व्याख्या आली : पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार होईल अशी मोठी दुरुस्ती न झालेली गाडी.

म्हणजे ‘मूळ’ एकच शब्द, पण दोन कसोट्या. पहिलीत इंजिन बदलता येतं, दुसरीत त्याच बदलाने दार बंद होऊ शकतं. नव्वदच्या दशकात मेक्सिकोत बनलेलं १६०० सीसीचं इंजिन बसवलेली, रीतसर नोंद असलेली १९६७ ची गाडी मूळ म्हणायची का? मी म्हणेन, हो. कारखान्यातून निघाली तशीच गाडी हवी म्हणणारे लोक मानणार नाहीत. त्यामुळे रंग आणि सीटकव्हर ठरवण्याआधी नंबरप्लेट ठरवावी लागते. व्हिंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ या नंबर मालिकेसाठी वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी मिळते, पण गाडी काढायची ती प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभालीपुरतीच. साधी एमएच-१२ ठेवली तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि २०२२ पासून त्याचं शुल्कही बरंच वाढलं. पण रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येता येतं. माझा कौल दुसऱ्या वाटेला. बीटल चालवायलाच बनली आहे.

फ्लोअरच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटांवर एकच काळजी. बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिच्या ॲसिडाने तिथला पत्रा हमखास सडतो आणि मिस्त्री अख्खं फ्लोअर बदलायला सांगतो. चॅसी नंबर मात्र पत्र्यावर नसतो, तो मधल्या बोगद्यावर, म्हणजे फ्लोअरच्या मधोमध जाणाऱ्या उंच पोकळ कण्यावर, मागच्या सीटखालीच ठोकलेला असतो. दोन्ही बाजूंचे पत्रे कापून नवे वेल्ड केले तरी बोगदा जागेवर राहतो. ग्राइंडर लावण्याआधी त्या नंबरचा पेन्सिलीने कागदावर ठसा घ्यावा आणि आरसीशी एकेक आकडा जुळवून पाहावा.