चार कुलपांची पेटी : ल्यूथरन मंडळ्यांतल्या दानाची आणि सेवेची पार्श्वभूमी

मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीतून निघालेल्या ल्यूथरन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या सभासदांत, रविवारी अर्पणाची थाळी फिरते, तेव्हा ‘द्या, म्हणजे पुण्य लागेल’ असं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणत नाही. म्हणूच शकत नाही, कारण त्याच्या पंथाचा जन्मच या वाक्याशी भांडून झालेला आहे. तरीही या मंडळ्यांनी पाचशे वर्षांत अनाथाश्रम काढले, परिचारिका घडवल्या, गुंटूरसारख्या गावात रुग्णालय उभं केलं आणि निर्वासितांसाठी लाखांनी गोधड्या शिवल्या. पुण्याचं आमिष काढून घेतल्यावर माणसं कशाच्या जोरावर देतात? याचं उत्तर धर्मशास्त्रापेक्षा पेट्या, किल्ल्या आणि हिशेबाच्या वह्यांत जास्त सापडतं.

मध्ययुगीन युरोपातला व्यवहार आपल्याला अनोळखी वाटणार नाही. भिकाऱ्याला दिलेला तुकडा देणाऱ्याच्या खात्यावर परलोकात जमा व्हायचा. श्रीमंत माणूस मरताना आपल्या आत्म्यासाठी कायम प्रार्थना होत राहाव्यात म्हणून जमीन लावून द्यायचा. भिकारी हवाच होता, तो नसता तर दान कुणाला करायचं? पुढे पापक्षमेची पत्रंच विकत मिळू लागली आणि त्यातला पैसा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाकडे वळू लागला. १५१७ साली मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने जे ९५ मुद्दे मांडले, त्यातला ४३ वा मुद्दा सरळ आहे: क्षमापत्र विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणारा किंवा गरजूला उसने देणारा अधिक चांगलं करतो.

पण त्याचं म्हणणं इथे थांबलं नाही. तारण ही देवाची फुकट देणगी आहे, माणसाच्या कोणत्याही कृत्याने ती कमावता येत नाही, असं तो सांगू लागला. म्हणजे गरिबाला दिलेल्या पैशानेही स्वर्ग मिळणार नव्हता. याचे परिणाम काही वर्षांतच दिसले. मठ रिकामे होऊ लागले, आत्म्यांसाठीच्या प्रार्थनांचं उत्पन्न आटलं, त्यावर चालणाऱ्या शाळा अडचणीत आल्या. पाळकाला पगार कोण देणार, छप्पर कोण शाकारणार? आणि दारातला भिकारी तर तिथेच उभा होता.

ल्यूथरच्या विटेनबर्ग शहराने जानेवारी १५२२ मध्ये सामाईक पेटीचा, म्हणजे चर्चचा आणि गरिबांचा पैसा एकत्र ठेवण्याचा, नियम केला. पण खरा तपशीलवार दस्तऐवज आहे तो सॅक्सनीतल्या लाइस्निग या छोट्या गावाचा. ल्यूथर तिथे १५२२ च्या सप्टेंबरात जाऊन आला होता. पुढच्या वर्षी गावाने पेटीची घटना तयार केली आणि ती ल्यूथरच्या प्रस्तावनेसह छापली गेली. ती वाचताना गंमत वाटते, कारण त्यात भक्तीपेक्षा अविश्वास जास्त आहे आणि तो अगदी योग्य जागी आहे. पेटीला चार वेगवेगळी कुलपं. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक गावातल्या नागरिकांकडे आणि एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघं हजर असल्याशिवाय पेटी उघडणारच नाही. कारभाराला दहा जण: सरदारांचे दोन, परिषदेचे दोन, नागरिकांचे तीन, शेतकऱ्यांचे तीन. सोळाव्या शतकात ज्या शेतकऱ्याला सरदारासमोर बसायचीही सोय नव्हती, त्याच्या हातात किल्ली होती.

हे दहा जण दर रविवारी सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत बसायचे, असं घटनेत लिहिलं आहे. वर्षातून तीनदा सगळ्या गावाची सभा आणि तिच्यासमोर जमाखर्चाचं वाचन. पतपेढीच्या वार्षिक सभेला गेलेल्या कुणालाही ते दृश्य डोळ्यांसमोर आणता येईल. पेटीतून काय काय द्यायचं याची यादीही मोठी आहे. पाळक आणि चर्चचा सेवक यांचा पगार, मुलांच्या शाळेचा मास्तर, मुलींसाठी स्वतंत्र शिक्षिका, म्हातारे आणि आजारी, अनाथ मुलं, नव्याने गावात आलेले लोक, इमारतींची डागडुजी आणि टंचाईसाठी धान्याचा साठा. अडचणीत आलेल्या कारागिराला उसने पैसे मिळत, जमलं तर परत करायचे. भीक मागायला मात्र बंदी, आणि ती भिक्षेवर जगणाऱ्या साधूंनाही लागू. पेटीतलं पुरलं नाही तर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वर्गणी भरायची. घरच्या नोकरांनी आणि शिकाऊ कारागिरांनीही वर्षाला एक चांदीचा ग्रोशन द्यायचा, तो तिमाहीच्या हप्त्यांनी. घेणाऱ्याचं नाव वहीत आलं, तसं देणाऱ्याचंही आलं.

एवढं सगळं कागदावर उत्तम जमलं आणि खुद्द लाइस्निगात रखडलं. जुन्या देणग्यांच्या जमिनी आणि उत्पन्न नगरपरिषदेच्या ताब्यात होतं आणि ते पेटीत टाकायला परिषद राजी नव्हती. किल्ल्या चौघांना वाटल्या, पेटीत घालायला मात्र पैसा येईना. छापील पुस्तिका दूरदूर पोचली आणि इतर गावांना नमुना मिळाला. हा नमुना उत्तरेकडे नेला योहानेस बुगेनहागेन या विटेनबर्गच्या पाळकाने. ब्राउनश्वाइगसाठी १५२८, हॅम्बुर्गसाठी १५२९, ल्यूबेकसाठी १५३१ अशा चर्चच्या घटना त्याने लिहिल्या. १५३७ साली तो डेन्मार्कला गेला आणि तिथला राजा तिसरा ख्रिश्चन याला राज्याभिषेकही त्यानेच केला.

या राज्याभिषेकाला माझ्या लेखी महत्त्व आहे. ल्यूथरन चर्च राजाचं चर्च झालं आणि किल्ल्या हळूहळू राजाच्या कचेरीत गेल्या. कर भरला की कर्तव्य संपलं, अशी लोकांची समजूत झाली. पुढच्या दीडशे वर्षांची हकीकत वगळली तरी चालेल.

ही सुस्ती मोडली ती हाले शहराजवळच्या ग्लाउखा वस्तीतल्या पाळकाने. ऑगुस्ट हेरमान फ्रांके याने गरिबांसाठी घरात दानपेटी लावली होती. १६९५ च्या ईस्टरच्या सुमारास तिच्यात एकदम चार थालर आणि सोळा ग्रोशन (त्या काळची जर्मन नाणी) निघाले. हे चांगलं भांडवल आहे, यातून गरीब मुलांची शाळा काढतो, असं म्हणून त्याने पुस्तकं आणली आणि एका विद्यार्थ्याला शिकवायला बसवलं. तीन वर्षांनी अनाथाश्रमाच्या मोठ्या इमारतीचा पाया घातला गेला. पाठोपाठ औषधशाळा, छापखाना, पुस्तकविक्री असे पैसा मिळवणारे उद्योग आले, कारण नुसत्या देणग्यांवर संस्था चालत नाही हे फ्रांकेला पक्कं ठाऊक होतं. १७२७ साली तो वारला तेव्हा त्याच्या शाळांत दोन हजारांहून अधिक मुलं शिकत होती.

हालेची गोष्ट इथे मराठी इतिहासाला येऊन मिळते. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने हालेच्या वळणात तयार झालेले दोन तरुण, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्यूत्शाउ, यांना तामिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला पाठवलं. ९ जुलै १७०६ रोजी ते उतरले. ही डॅनिश वसाहत तंजावर राज्याच्या हद्दीत होती, तिचं भाडं तंजावर दरबारात जमा व्हायचं आणि गादीवर होते व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजी भोसले. मिशनचा खर्च राजाच्या अनुदानातून पुरेना. मग हालेहून १७१० पासून तरंगंबाडीची पत्रं आणि अहवाल छापून देणगीदारांना पाठवायला सुरुवात झाली. आपला पैसा कुठे गेला हे जर्मनीतल्या कुठल्याशा गावातल्या विधवेला आता घरबसल्या वाचता येऊ लागलं. देणगी मागणाऱ्या संस्थांची आजची पत्रकं पाहिली की त्यांची पणजी हालेला छापली गेली होती हे आठवतं.

याच परंपरेतून १७५० साली ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ भारतात आला. तामिळबरोबर मराठीही शिकला आणि तंजावरचे तुळजाजीराजे यांच्या विश्वासातला झाला. १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्याला श्रीरंगपट्टणला हैदर अलीकडे बोलणीसाठी धाडलं. निघताना हैदरने वाटखर्चाला तीनशे रुपये दिले. श्वार्ट्झने ते सरकारजमा करायला नेले, सरकारने परत त्यालाच दिले आणि मग त्याने तंजावरात गरीब मुलांच्या शाळेसाठी ते बाजूला काढले. थोड्याच काळात हैदरची स्वारी आली, तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपलं. आजूबाजूच्या रयतेकडे बैल आणि धान्य होतं, पण दाम बुडवले जातील या भीतीने ना राजाच्या शब्दावर कुणी माल देईना ना कंपनीच्या. श्वार्ट्झने पैशाची हमी घेतली तेव्हा धान्य आत आलं, आणि नंतर त्याने ते पैसे चुकवलेही.

तुळजाजींनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजींचा सांभाळ याच पाळकावर सोपवला. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. उलट अन्नछत्रं चालवणारे, पुण्यकर्मावर पूर्ण श्रद्धा असलेले राजे झाले. पण १७९८ साली श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी इंग्लंडात जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. मरणशय्येवरच्या श्वार्ट्झला भेटायला आलेले सरफोजी त्यात कोरलेले आहेत. दगडावरच्या इंग्रजी ओळी राजांच्याच मानल्या जातात आणि त्यांत या पाळकाला अनाथांचा बाप, विधवांचा आधार म्हटलं आहे. तंजावरच्या किल्ल्यातल्या शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये हे स्मारक आजही पाहता येतं. तंजावरला जाणारा मराठी माणूस बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख बघून परत फिरतो. एवढी दोन पावलं पुढे टाकायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या शहरांनी जर्मन मंडळ्यांना हलवलं. हॅम्बुर्गला योहान हाइनरिश विखेर्नने १८३३ मध्ये बेवारस मुलांसाठी घर काढलं आणि १८४८ मध्ये विटेनबर्गच्या परिषदेत चर्चने आपल्याच दारातली गरिबी पाहावी म्हणून सगळ्यांना कानपिचक्या दिल्या. कायझर्सव्हेर्टचा पाळक थिओडोर फ्लीडनर ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतला प्रोटेस्टंट पंथ) यांच्या संयुक्त चर्चचा होता. गावातली मखमलीची गिरणी बुडाली, मंडळी कफल्लक झाली, म्हणून तो हॉलंड-इंग्लंडात पैसे मागत फिरला आणि येताना रुग्णालयं, तुरुंग पाहून आला. १८३६ मध्ये त्याने सेविकांसाठी घर काढलं. अविवाहित स्त्रीला शिक्षण, गणवेश, काम आणि म्हातारपणाची सोय तिथे मिळायची. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथेच शिकायला राहिली. स्त्रियांच्या सेवेचा चर्चने गौरव भरपूर केला, पगार मात्र अगदी जुजबी दिला, हेही सांगायला हवं.

आज जर्मनीत चर्चचा कर सरकारी करखातंच गोळा करतं: आयकराच्या ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्ह्यूर्टेम्बेर्गमध्ये ८ टक्के. सोय मोठी. पण ज्याला चर्च सोडायचं असतं तो पाळकाकडे जात नाही, सरकारी कचेरीत जाऊन फॉर्म भरतो.

भारतातल्या मंडळ्यांची किल्ली परदेशात होती, ती एका फटक्यात तुटली. रांचीला बर्लिनच्या योहानेस गोस्नरने पाठवलेले चार मिशनरी २ नोव्हेंबर १८४५ रोजी पोचले होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना १९१५ मध्ये स्थानबद्ध करून देशाबाहेर काढलं आणि पैसाही थांबला. शाळा, चर्चं, प्रचारक सगळं उराँव-मुंडा मंडळींच्या अंगावर पडलं. १० जुलै १९१९ रोजी त्या चर्चने स्वतःला स्वायत्त जाहीर केलं. देवाच्या नावाने आलेला कारभार कुणी हळूहळू सोपवला नव्हता. तो घेणं भागच पडलं.

अमेरिकेत ल्यूथरन चर्चला पोसणारा राजाच मुळात नव्हता. हालेहूनच पाठवलेला हाइनरिश म्युलेनबेर्ग १७४२ मध्ये पेनसिल्व्हेनियात पोचला, तर तिथे पाळकाचा पगार म्हणजे लोकांनी तोंडी कबूल केलेला आकडा. तिथली मंडळी स्वेच्छेच्या पैशावर चालायला शिकली, कारण दुसरा मार्ग नव्हता. पुढे मिनेसोटा-विस्कॉन्सिनला आलेल्या नॉर्वेजियन, स्वीडिश, जर्मन कुटुंबांत बायकांची शिवणमंडळं निघाली. मंडळीच्या सभेत मत द्यायचा हक्क त्यांना बराच उशिरा मिळाला, पण चर्चच्या छपरापासून ऑर्गनपर्यंतचा बराच पैसा त्यांच्या शिवणकामाच्या लिलावातून आणि तळघरातल्या जेवणावळींतून आला. क्षारात भिजवून थुलथुलीत केलेल्या सुक्या माशाच्या पंगती तिथे अजून उठतात. आवडीने खाणारे किती आणि चर्चसाठी खाणारे किती, हे विचारू नये.

आजच्या मंडळीत शरद ऋतूत पुढच्या वर्षीच्या देणगीचं वचनपत्र भरून घेतात. अर्पण मोजायला दोघं बसतात, शक्यतो एका घरातली नसलेली. कुणी दारात स्वागताला उभं राहतं, कुणी वेदीवरची वस्त्रं धुतं, कुणी खजिनदारीची न मागितलेली डोकेदुखी घेतं.

गोधड्यांचं काम १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ल्यूथरन वर्ल्ड रिलीफ’ला जोडलेलं आहे. ही संस्था युद्धाने उद्ध्वस्त युरोपसाठी निघाली. माप ठरलेलं: साठ इंच बाय ऐंशी इंच. जुन्या कापडाचे चौकोन जोडायचे, मध्ये भरण घालायचं आणि बारीक टाके घालत न बसता ठरावीक अंतरावर जाड दोऱ्याच्या गाठी मारायच्या. कापडावर झेंडा नको, लष्करी नक्षी नको आणि क्रूसही नको, अशी सूचना आहे, कारण गोधडी कुणाच्या छावणीत, कोणत्या धर्माच्या माणसाकडे जाईल सांगता येत नाही. आणि नुसती गोधडी देऊन सुटका होत नाही. गठ्ठे जहाजाने पाठवायचं भाडं लागतं, त्यासाठी वेगळा निधी आहे, आणि शिवणाऱ्या मंडळ्यांकडूनच त्यातही काही टाकण्याची अपेक्षा असते.