वॉर्निशखालचे रंग : जुन्या व्यक्तिचित्रांच्या नकलेची पार्श्वभूमी

तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकायचं तर थोर चित्रकाराच्या मूळ चित्रासमोर ईझल मांडून त्याची नक्कल करायची, ही युरोपातली जुनी रीत. आधी ती मुख्यतः गुरूच्या कार्यशाळेत चाले. 1793 मध्ये पॅरिसचं लूव्र संग्रहालय म्हणून उघडलं आणि राजघराण्याच्या भिंतींवरची चित्रं शिकणाऱ्यांच्या आवाक्यात आली. पुढच्या शतकात तिथे स्त्रियाही मोठ्या संख्येने नकला करत. सरकारी कलाशाळेचं दार त्यांना 1897 पर्यंत बंदच होतं. नक्कल मूळ मापाची असता कामा नये, हा लूव्रचा नियम आजही आहे. तो बनावट चित्रांना आळा घालण्यासाठी असला, तरी शिकणाऱ्याच्या पथ्यावरच पडतो. चेहरा छापून घेता येत नाही, नाक-डोळ्यांमधलं अंतर नव्याने मोजावं लागतं.

रेखाटन असं पक्कं होई, रंगाचं मात्र त्रांगडं होतं. चित्रावर शेवटी दिलेला राळेच्या वॉर्निशचा पारदर्शक थर काही दशकांत पिवळा आणि पुढे तपकिरी पडतो. एकोणिसाव्या शतकातला विद्यार्थी समोर दिसेल तेच उतरवायचा. गालाच्या कडेचा थंड करडा त्याला दिसतच नसे, म्हणून सावलीत सरसकट अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग. काहीजण तर डांबरासारखं काळपट बिटुमेन वापरत. ते धड वाळत नाही आणि वरचा रंग भेगाळून टाकतं. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 1642 च्या गटचित्राला ‘नाइट वॉच’ (रात्रीचा पहारा) म्हणू लागले तेही या काळवंडण्यामुळेच. चित्रातला प्रसंग दिवसाचा आहे.

हे जुनं वॉर्निश काढून चित्रं साफ करावीत का, या वादाची खरी ठिणगी पडली ती लंडनमध्ये. 1930 च्या दशकात तिथल्या संग्रहालयाने स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझने काढलेलं स्पेनच्या चौथ्या फिलिपचं व्यक्तिचित्र साफ केलं. तपकिरी पोशाखावरचं रुपेरी भरतकाम लखलखीत दिसू लागलं. जवळून पाहिलं तर ब्रशचे नुसते सुटे, जाड फटकारे, चार पावलं मागे सरकलं की जरीचं काम. लोक मात्र खवळले. युद्धकाळात साफ केलेली चित्रं 1947 मध्ये एकत्र मांडल्यावर वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. आक्षेप वरवरचा नव्हता. शेवटचे पातळ, पारदर्शक थर, म्हणजे ग्लेझ, वॉर्निशला लागूनच असतात. वॉर्निश पुसून काढणाऱ्या बोळ्यावरचं द्रावण नेमकं कुठे थांबणार? चौकशी समितीला मोठं नुकसान आढळलं नाही, तरी वाद शमला नाही. 1960 च्या दशकात एका कलेतिहासकाराने प्राचीन रोमन ग्रंथाचा हवाला देऊन विचारलं, की चित्रकारांनीच मुद्दाम गडद वॉर्निश लावलं असेल तर? प्रश्न बिनतोड आहे, पण त्याच्या आडून दीडशे वर्षांची काजळी राखून ठेवण्याचं समर्थन होत नाही. नक्कल करणाऱ्याला तर साफ केलेलं चित्रच जास्त शिकवतं.

मुंबईत 1857 मध्ये कलाशाळा निघाली, तेव्हा ही मूळ चित्रं सातासमुद्रापार होती. विद्यार्थ्यांचा हात प्लास्टरच्या पुतळ्यांवर बसला आणि रंगाचं शिक्षण पुढे जिवंत मॉडेलसमोर झालं. वॉर्निशच्या फसवणुकीतून ते आपसूक वाचले, हे क्वचितच कुणी सांगतं.

आता सगळं पडद्यावर आलं आहे. 2022 मध्ये ‘नाइट वॉच’ची 717 गिगापिक्सेलची प्रतिमा खुली झाली; रंगातली बारीकशी भेगही घरबसल्या दिसते. मात्र रंगाच्या थराची उंची त्या सपाट काचेवर उमटत नाही आणि प्रत्येक मॉनिटर करड्याची छटा वेगळी दाखवतो. त्यामुळे लूव्रमध्ये नकलेचा परवाना मिळवण्यासाठी आजही अर्ज येतात.