इंजिन नेमकं कुठे वाकतं? सांध्याच्या वाफइंजिनांची मॉडेल्स निवडण्याआधी

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक मोठ्या मालगाड्यांची इंजिनं बघताना आधी चाकं मोजतात, मग किंमत विचारतात. आम्ही मात्र आधी विचारतो, की तुमच्या रुळांवरचं सर्वांत कडक वळण केवढं आहे? या इंजिनांचा सगळा इतिहास त्या एका अडचणीतून निघाला आहे, आणि मॉडेल घरी नीट धावेल की नाही हेही त्यावरच ठरतं. म्हणून हे पत्रक.

मालगाडी ओढण्याची ताकद नुसत्या वाफेत नसते. चाक रुळाला किती धरून राहतं, त्यात ती असते. ओढणाऱ्या चाकांवर जेवढं वजन असेल, त्याच्या साधारण पाव हिश्श्याएवढीच खेच मिळते. त्यापुढे जोर लावला की चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. बरं, वजन वाढवावं तर रूळ आणि पूल एका आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर, ठरावीक भारच सोसतात. मग आस वाढवायचे. पण एकाच ताठ सांगाड्यात खूप आस बसवले, तर इंजिन घाटातल्या वळणात शिरतच नाही. यातून मार्ग एकच निघाला. चाकांचे दोन संच करायचे, प्रत्येकाला स्वतंत्र सिलिंडर आणि दट्टे द्यायचे, आणि इंजिनाला कुठेतरी सांधा ठेवायचा. सांधा कुठे, यावर अभियंत्यांचं पुढची शंभर वर्षं एकमत झालं नाही.

सुरुवात १८५१ मध्ये ऑस्ट्रियातल्या सेमरिंग घाटात झाली. ४० फुटांना एक फूट असा चढ होता, आणि तो चढणारं इंजिन निवडायला स्पर्धा ठेवली होती. ‘बव्हेरिया’ जिंकलं, पण त्याच्या चाकांना जोडणाऱ्या साखळ्या रोजच्या कामात टिकल्या नाहीत. पुढे वंश चालला तो हरलेल्यांचा. ‘सेरँ’ आणि ‘वीनर नॉयश्टाट’ या दोघांनी चाकांचे दोन्ही संच फिरते, म्हणजे वळणानुसार वळणारे, ठेवले होते. रॉबर्ट फेर्लीने १८६४ मध्ये पेटंट घेतलं ते याच धर्तीचं. त्याच्या इंजिनाला मध्ये भट्टी, दोन्ही टोकांना धुराडं आणि खाली दोन फिरत्या बोगी. वेल्समधल्या फेस्टिनिओग या पाटीचे दगड वाहणाऱ्या चिमुकल्या रेल्वेवर १८६९ मध्ये ‘लिटल वंडर’ धावलं, आणि पुढच्या वर्षी त्याच्या चाचण्या बघायला रशियासह अनेक देशांचे अभियंते आले. दोष एवढाच, की पूर्ण दाबाची वाफ हलत्या सांध्यांतून न्यावी लागे आणि ते सांधे गळत.

इथे अनातोल मॅले या अभियंत्याची युक्ती आम्हाला फार मोलाची वाटते. १८८४ च्या पेटंटात त्याने मागचा संच बॉयलरला पक्का जोडला आणि ताजी वाफ आधी त्यालाच दिली. तिथे काम करून दाब उतरलेली वाफ मग पुढच्या फिरत्या संचाकडे जाते. म्हणजे हलत्या सांध्यातून कमी दाबाचीच वाफ जाते आणि गळती आटोक्यात राहते. युरोपात ही इंजिनं लहान घाटमार्गांवर रमली, पण अमेरिकेने त्यांना राक्षसी केलं. तिथलं पहिलं, ‘ओल्ड मॉड’, १९०४ चं.

मग अतिरेकही झाला. सांता फे रेल्वेने १९१० च्या सुमारास चक्क बॉयलरच मध्ये वाकणारा केला. पोलादी पातळ कड्या घड्यांसारख्या जोडल्या, त्या गळल्या आणि त्यांच्या फटींत निखाऱ्यांची खर साचली. इरी रेल्वेसाठी बाल्डविनने १९१४ मध्ये ‘मॅट एच. शे’ बांधलं. त्यात तिसरा संच टेंडरखाली, म्हणजे पाणी-कोळसा वाहणाऱ्या मागच्या डब्याखाली, होता. चाचणीत त्याने २५० वाघिणी ओढल्या. पण एवढ्या सिलिंडरांना पुरेल इतकी वाफ एका बॉयलरला देता येईना. त्यात मागच्या संचाची वापरलेली वाफ टेंडरच्या मागच्या नळीतून बाहेर जाई, त्यामुळे भट्टीत हवा खेचायला तिचा उपयोग शून्य. शिवाय टेंडरमधलं पाणी आणि कोळसा संपत आला की त्या चाकांवरचं वजनही घटे. हे अपयशी इंजिन आमचं अतिशय आवडतं आहे. या जातीच्या इंजिनांची मर्यादा त्याच्याइतकी स्पष्ट कोणीच दाखवली नाही.

अमेरिकेतल्याच सदर्न पॅसिफिक रेल्वेचं गणित वेगळं होतं. सिएरा नेवाडातल्या लांबच लांब हिमछपरांखाली चालक धुराने गुदमरत. म्हणून त्यांनी इंजिन उलटं फिरवून चालकाची खोली पुढे आणली. इंधन तेल होतं, म्हणूनच हे जमलं, कारण मागच्या टेंडरमधून भट्टीपर्यंत तेल नळीने आणता येतं. युनियन पॅसिफिक रेल्वेचे ‘बिग बॉय’ सर्वांना माहीत आहेत. १९४१ ते १९४४ मध्ये २५ बांधले. त्यांतलं ४०१४ क्रमांकाचं २०१९ पासून पुन्हा धावतं आहे.

गॅरेटकडे मात्र थोडं थांबायला हवं, कारण भारताचा खरा संबंध त्याच्याशी. हर्बर्ट विल्यम गॅरेटने १९०७ मध्ये पेटंट घेतलं आणि मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कंपनीने १९०९ मध्ये टास्मानियासाठी पहिली जोडी बांधली. पुढे एक इंजिन, मागे एक इंजिन आणि मध्ये पालखीसारखा तोललेला बॉयलर. बॉयलरखाली चाकंच नाहीत, त्यामुळे भट्टी हवी तेवढी रुंद आणि खोल करता येते. पाणी-कोळशाचं वजनही ओढणाऱ्या चाकांवर पडतं. गॅरेट १९१३ मध्येच वारला, पण आफ्रिकेत त्याच्या इंजिनांनी राज्य केलं. मोंबासा-नैरोबी मार्गावरची ५९ वर्गाची ३४ इंजिनं मीटरगेजवर धावत आणि प्रत्येकाचं वजन सुमारे २५० टन. त्यांना पूर्व आफ्रिकेतल्या पर्वतांची नावं होती.

आपल्याकडे दार्जिलिंगच्या रेल्वेने एक छोटं गॅरेट आणून पाहिलं. बंगाल-नागपूर रेल्वेने १९२९ पासून ‘एन’ वर्गाची गॅरेट जड मालगाड्यांना जोडली. त्यांतलं ८१५ क्रमांकाचं दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. मॉडेल घेण्याआधी ते एकदा पाहून याच. भोर घाटात खेकडा म्हणून ओळखलं जाणारं इंजिन होतं, ते विजेवरचं, पण तेही मध्ये सांधा असलेलंच. माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनांत सगळा सांगाडा न वाकवता फक्त टोकाचे आस पोकळ नळीत बसवून हलते ठेवले होते. मालवाहतुकीशी त्यांचा संबंध नाही, पण २० फुटांना एक फूट चढाच्या वाटेवर ती युक्ती किती उपयोगी पडली असेल, हे नेरळहून वर जाताना कळतं.

आता तुमच्या टेबलाकडे. १:८७ प्रमाणात ‘बिग बॉय’ टेंडरसह सुमारे ४६ सेंटीमीटर भरतो. खऱ्या इंजिनात पुढचाच संच वळतो. आम्ही मॉडेलमध्ये दोन्ही वळते ठेवतो, नाहीतर घरातल्या वळणावर ते रुळावरून उतरेल. तरीही बॉयलरचं तोंड वळणाच्या बाहेरच्या बाजूला बरंच झुकतं. तिथे बोगद्याची भिंत, सिग्नल किंवा झाड जवळ लावू नका. गॅरेटचं उलट आहे. त्याच्या बॉयलरचा मधला भाग वळणाच्या आत सरकतो, तेव्हा मोकळी जागा आतल्या बाजूला ठेवा. ‘मॅट एच. शे’ हवं असेल तर तिसऱ्या संचामुळे वळण आणखी सैल लागेल.

ऑर्डर देताना सर्वांत कडक वळणाची त्रिज्या मिलिमीटरमध्ये, रुळांच्या मधोमध मोजून कळवा. चढ असेल तर तोही लिहा. इंजिन आल्यावर पहिल्यांदा ते हातानेच त्या वळणावरून सावकाश ढकलून न्या आणि सांधा कुठे अडखळतो का ते बघा. अडखळला तर मोटार न लावता आम्हाला कळवा.