अंगणातून निघालेली वाडी

घरातल्या साध्या खेळातून लहान मूल वाढतं, हे हल्ली पालक मेळाव्यात नवी गोष्ट म्हणून सांगतात. खान्देशात याचा माग काढायला गेलं की एक शब्द आडवा येतो, अंगणवाडी.

हा शब्द आधी सरकारचा नव्हता. 1945 च्या सुमारास तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला बालवाडी सुरू झाली. पाड्यांवरची आदिवासी मुलं तिथं येईनात, तेव्हा शिकवणारेच त्यांच्या अंगणात जाऊन बसले. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले. म्हणजे शाळेनं मुलाच्या दारी जायचं, हा मूळ अर्थ. 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांत सुरू झालेल्या केंद्राच्या बालविकास योजनेत हाच शब्द रुजला, पण दिशा उलटली. आता मुलानंच तिकडं जायचं. आमच्याकडं विचाराल तर अंगणवाडी म्हणजे खोली, वजनकाटा अन् खिचडी. अंगण फक्त नावात.

यात सेविकेला बोल लावणं सोपं आहे, पण ते खरं नाही. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा तालुक्यांत कुपोषणाचा प्रश्न एवढा मोठा की आहार आणि नोंदवह्या आधी, खेळ मागाहून. 2006 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर देशभरात 14 लाख केंद्रांचं लक्ष्य ठरलं, तेव्हाही मोजदाद खोल्यांचीच.

मार्च 2020 मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या आणि खेळ पुन्हा घरी आला, पण व्हॉट्सॲपवरून. ‘वाटीत डाळ आणि तांदूळ वेगळे करा’ असा व्हिडिओ आला की आजी म्हणायच्या, “हाई ते आम्ही रोजच करतस.” खोटं नव्हतंच. कापसाच्या दिवसांत ओट्यावर आजीजवळ बसलेलं तीन वर्षांचं पोर बोंडातली सरकी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढतं. पुढं पेन्सिल धरायला लागते ती पकड याच चिमटीतून तयार होते. पोळ्याआधी मातीचे बैल होतात, ज्वारीच्या चिपाडांची गाडी होते. याला कुणी ‘कृती’ म्हणत नव्हतं, एवढंच.

2020 च्या शिक्षण धोरणानं 3 ते 8 वर्षांचा पायाभूत टप्पा ठरवला. 2024 मध्ये केंद्राकडून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 36 महिन्यांचं कॅलेंडर आणि 140 कृती आल्या. चांगलंच झालं, फक्त अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्या आईपर्यंत त्या पुस्तकी मराठीतच पोचल्या, तर तिला तो गृहपाठ वाटणार.

शिवाय धुळे-नंदुरबारची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. तिथं कोपीपुढं, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीपुढं, उसाच्या वाढ्याची बैलजोडी करून हाकणाऱ्या पोराचं नाव बऱ्याचदा ना इथल्या वहीत असतं, ना तिथल्या.